उडायला शिकले, आणि मग उडणंच सुटलं

पत्राचा सारांश: सांगलीतल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ३४, स्वतःचं औषधांचं दुकान, मुलगी दुसरीत. तीन वर्षांपूर्वी कामशेतला राहून त्यांनी पॅराग्लायडिंगचे पी वन आणि पी टू हे सुरुवातीचे दोन कोर्स केले. ओळखीतल्या एका सीनियरनं आपली जुनी विंग (ज्याच्याखाली लटकून उडतात तो कापडी पंख), हार्नेस (बसायची पट्ट्यांची खुर्ची) आणि रिझर्व्ह, म्हणजे अडचणीत उघडायचं पॅराशूट, त्यांना विकलं. पहिल्या हिवाळ्यात पाचगणीला जाऊन जमतील तशी उड्डाणं झाली. गेल्या वर्षी मार्चमध्ये भर दुपारी साडेबाराच्या सुमारास हवेत असताना विंगची उजवी बाजू मिटली, त्या डोंगराकडे वळल्या, मग विंग आपोआप उघडली आणि त्या सुखरूप उतरल्या. त्यानंतर बॅग माळ्यावर गेली ती गेलीच. "आमच्या बॅचमधल्या आठ जणांपैकी आता एकच उडतो. पाहुणे अजून 'आमची पायलट' म्हणून माझी ओळख करून देतात तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी भित्री निघाले का? विंग विकू, की मन घट्ट करून पुन्हा जाऊ? घरच्यांना विकलेलीच बरी वाटेल. आणि खरं सांगायचं तर, तो प्रसंग होण्याआधीही वरून खाली येण्यात पहिल्यासारखी मजा राहिली नव्हती." खाली ता. क. आहे: "माझं वजन ५४ किलो आहे. विंगवरच्या स्टिकरवर ८०–१०० असं लिहिलंय. विकताना ते सांगावं लागतं का?"

ताई,

तुमचा प्रश्न मोठा आहे, पण उत्तराला सुरुवात ता. क. पासूनच करावी लागेल. होय, विकताना ते सांगावंच लागतं. तुम्ही विंग घेत होतात तेव्हाही ते कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं.

स्टिकरवरचा ८०–१०० हा आकडा नुसत्या माणसाच्या वजनाचा नसतो. पाय जमिनीवरून सुटल्यावर जे जे हवेत जातं, त्या सगळ्याचं मिळून ते वजन असतं. त्यात तुम्ही आलात, कपडे-बूट, हार्नेस, रिझर्व्ह, हेल्मेट, पाण्याची बाटली आणि बहुतेक उत्पादकांच्या हिशेबात खुद्द विंगही आली. जुना संच पंधरा-सोळा किलो भरतो. म्हणजे तुम्ही सारं धरून ७० किलोच्या आसपास उडत होतात आणि विंग कमीत कमी ८० किलोंसाठी बनवलेली. तिच्यावर 'ए' किंवा 'बी' अशी जी सुरक्षिततेची श्रेणी ('ए' सगळ्यात सोपी, 'डी' सगळ्यात अवघड) छापलेली आहे, ती ८० ते १०० या मर्यादेतल्या चाचण्यांवरून मिळालेली असते. मर्यादेच्या दहा किलो खाली ती विंग कशी वागेल, याची हमी त्या स्टिकरमध्ये नाही.

विंगला सांगाडा नसतो. कप्प्यांत भरलेली हवा आणि खाली लटकलेलं वजन, या दोघांच्या ताणावर तिचा आकार टिकतो. वजन कमी पडलं की ताण कमी, वेग कमी आणि आतला दाबही कमी. मिटल्यावर उघडताना अशी विंग जरा मवाळ वागते हे खरं (तुमची आपोआप उघडली त्यात याचाही थोडा वाटा असेल), पण मुळात ती मिटते जास्त वेळा. वेगाचं गणित तर सरळ आहे. विंगचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ९० किलोला ताशी ३८ किलोमीटरनं जाणारी विंग ७० किलोला साधारण साडेतेहतीसनं जाते. डोंगराच्या कडेवर वारा दाबला जाऊन ताशी ३० झाला, तर बरोबर वजनाचा माणूस ८ किलोमीटरच्या वेगानं पुढे सरकत असतो आणि तुम्ही जवळजवळ जागच्या जागी उभ्या असता. आणखी थोडा वाढला की मागे, कड्यामागच्या गरगरणाऱ्या हवेत. टेक-ऑफवर वाऱ्यानं तुम्हाला ओढत नेलं असेल, विंग डोक्यावर धरून ठेवणं इतरांपेक्षा तुम्हालाच जड गेलं असेल आणि 'आपलंच तंत्र कच्चं' असं तुम्ही मानलं असेल, तर त्यातला निदान अर्धा दोष कापडाच्या मापाचा होता. सडपातळ बायकांच्या बाबतीत हे फार होतं. बाजारातल्या जुन्या विंग बहुतेक पुरुषांच्या असतात आणि 'ही घे, चालेल' म्हणून माप न बघता गळ्यात पडतात.

मार्चमधला कोलॅप्स, म्हणजे विंगचं मिटणं, केवळ याचमुळे झाला असं पत्रावरून म्हणता येणार नाही. वेळही तशीच होती. पाचगणीचं पठार सुमारे १३०० मीटरवर, खाली वाईकडचं खोरं ७०० मीटरच्या आसपास. मार्च उजाडला की उघडा कातळ आणि नांगरलेली रानं सकाळीच तापू लागतात आणि बारा ते तीनच्या दरम्यान थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारे गरम हवेचे झोत, सगळ्यात जोरात असतात. वर चढणाऱ्या हवेच्या कडेला खाली उतरणारी हवा असतेच. विंगची एक बाजू त्या उतरत्या हवेत शिरली की पुढची कड वरून दाबली जाते आणि तेवढा भाग मिटतो.

तेव्हा काय करायचं हे कोर्समध्ये सांगितलेलं असतं. अंगाचं वजन उघड्या बाजूच्या मांडीवर टाकायचं. त्या बाजूचा ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणारी दोरी) बेतानं धरून डोंगरापासून लांब दिशा राखायची. दिशा हातात आल्यावरच मिटलेल्या बाजूचा ब्रेक एकदा लांब, खोल ओढून सोडायचा. लोक क्रम चुकवतात. मिटलेली बाजू उघडायच्या घाईत दिशा सुटते आणि डोंगर जवळ येतो, किंवा घाबरून उघड्या बाजूचा ब्रेक कमरेपर्यंत ओढला जातो, मग तीही बाजू उडायचं सोडते आणि ग्लायडर स्वतःभोवती गरगर फिरू लागतो. वहीत लिहून घेतलेली ही गोष्ट हाताला यायला जमिनीवर कित्येक तास विंग खेळवावी लागते, आणि आठवड्याभराच्या कोर्समध्ये तेवढे तास मिळत नाहीत.

माप चुकलेली विंग, दिवसातली सगळ्यात खडबडीत वेळ आणि हाताला नसलेली सवय, तिन्ही एकदम जुळून आली. त्यातून आलेल्या भीतीला भित्रेपणा म्हणायला मी तयार नाही. ती भीती कायमची आहे का, हे मात्र तपासता येतं. नोव्हेंबरची शांत सकाळ, शिकवायचा तीस-चाळीस मीटरचा उतार, मापाची विंग आणि खाली वॉकी-टॉकीवर इन्स्ट्रक्टर. एवढं जुळवूनही पोटात गोळा येत असेल, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येत असेल, तर तुमच्या मनानं निर्णय घेतलेला आहे. तो मान्य करून टाका. 'मन घट्ट करून' जाण्याचा सल्ला मी कुणालाच देत नाही. मन घट्ट केलेला माणूस खांदे आवळतो, ब्रेक घट्ट धरून बसतो, आणि हवेतला प्रत्येक हिसका त्याला दुप्पट लागतो.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत: त्या प्रसंगाआधीही मजा राहिली नव्हती. उडायला शिकून सोडून देणाऱ्यांच्या बाबतीत भीतीचं नाव पुढे येतं, पण मागे बहुतेकदा हे असतं.

हिशेब करून बघा. पठारावरून खोऱ्यापर्यंत साधारण ६०० मीटर उंची. साधी, शिकाऊ श्रेणीची विंग शांत हवेत सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास खाली येते. म्हणजे आठ मिनिटं. या आठ मिनिटांसाठी सांगलीहून एका बाजूनं पावणेदोनशेच्या घरात किलोमीटर, पहाटे चारला निघणं, टेक-ऑफवर वाऱ्याची वाट बघत दोन तास, मग उड्डाण, विंग घडी करणं, परत वर यायला जीप, आणि तोवर ऊन चढून हवा खडबडीत. पुष्कळदा ती आठ मिनिटंही मिळत नाहीत, कारण वारा पाठीमागून असतो. पहिली पाच-सहा उड्डाणं माणूस नुसत्या नवलाईवर काढतो. दहाव्या उड्डाणाला टेक-ऑफ आणि लँडिंग नीट जमू लागतं, आणि मधल्या आठ मिनिटांत करायला काही उरत नाही. तुम्हाला कंटाळा आला तो याचा. आकाश तुमचं अजून बघूनच झालेलं नाही.

पी टूपर्यंत माणूस सुरक्षित वरून खाली यायला शिकतो. वर टिकून राहणं, म्हणजे सोअरिंग, त्याच्या पुढच्या टप्प्यात येतं. डोंगराच्या तोंडावर ताशी १५ ते २२ किलोमीटरचा एकसारखा वारा येतो, उतारावर आपटून वर चढतो, आणि त्या चढत्या पट्ट्यात लांबट आठच्या आकड्यासारख्या फेऱ्या मारत राहायचं. प्रत्येक वळण डोंगरापासून लांब. समोरून कुणी आलं तर डोंगर ज्याच्या उजव्या हाताला, त्याचा हक्क पहिला. दुसऱ्यानं बाहेर सरकायचं. हे जमलं की त्याच टेकडीवर आठ मिनिटांचा तास होतो. मग थर्मलमध्ये घिरट्या घ्यायला शिकायचं, तेही पुरेशी उंची हाताशी असेल तेव्हाच, कारण कड्याजवळ घेतलेली पूर्ण गिरकी वाऱ्याबरोबर सरकत तुम्हाला कड्यावर नेऊन आदळते. या दोन गोष्टी ज्यांना आल्या ते सहसा सोडत नाहीत. सोडतात ते त्याआधीचे, आणि नेमक्या याच टप्प्यावर शिकाऊ माणूस एकटा पडतो. शाळेतला कोर्स संपलेला असतो, इन्स्ट्रक्टर नव्या बॅचमध्ये नाहीतर पर्यटकांना बरोबर घेऊन करायच्या जोडीच्या उड्डाणांत (टॅन्डममध्ये) गुंतलेला असतो, आणि हा जुनी विंग घेऊन अनोळखी टेकडीवर 'आज उडावं का' हे विचारायला माणूस शोधत उभा असतो.

त्यात सुट्ट्यांचा हिशेब. आपल्याकडे हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून फार तर मेपर्यंत, त्यातला शिकाऊ माणसाच्या कामाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर दुपारचे थर्मल टोकदार होतात, एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग उठतात. वळीव पंधरा-वीस किलोमीटर लांब कोसळत असला तरी त्याच्यातून सुटलेला वारा तुमच्यापर्यंत पोचतो, आणि तो पोचेपर्यंत हवा लबाडासारखी शांत असते. मग चार महिने पाऊस. महिन्यातून एकदा जायचं ठरवलं आणि निम्मे रविवार वाऱ्यानं खाल्ले, की अख्ख्या हिवाळ्यात मोजकी उड्डाणं होतात. दोन उड्डाणांत सहा-सात आठवडे गेले तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. हात विसरतात, भीती मात्र लक्षात ठेवते.

बॅचमधले सात जण सुटले यावरून तुम्ही खेळाविषयी किंवा स्वतःविषयी काही अर्थ लावत असाल, तर तो मला पटत नाही. त्यातल्या काहींना एकदा आकाशात जायचं होतं, ते जाऊन आले. त्यांचं काम झालं. कुणाची बदली झाली असेल, कुणाकडे बाळ आलं असेल, कुणाला परदेशी नोकरी. ही गळती खेळाविषयी फारसं काही सांगत नाही आणि तुमच्याविषयी तर काहीच नाही.

जाता जाता, ज्या वाचकांनी पॅराग्लायडर नव्हे तर विमान शिकून सोडलं, त्यांच्यासाठी. खाजगी वैमानिकाचा परवाना, म्हणजे पीपीएल, ४० तासांच्या उड्डाणावर मिळतो. मिळाल्यावर प्रश्न पडतो की आता उडवायचं काय. आपल्या भागात विमान भाड्यानं मिळतं ते प्रशिक्षण संस्थेकडूनच, आणि तिथं रांगेत पुढे असतात ते कमर्शियल परवान्यासाठी २०० तास पुरे करणारे विद्यार्थी. हौशी माणसाला उरलेली वेळ. तासाला पाच आकडी भाडं, वर वैद्यकीय तपासणीच्या दाखल्याची मुदत सांभाळायची, चाळिशीनंतर ती मुदत आखूड होते, आणि रेडिओचा परवाना वेगळाच. कऱ्हाडच्या विजयनगरच्या धावपट्टीवरून उडून, चक्कर मारून पुन्हा तिथंच उतरायचं, हे पाचव्यांदा केल्यावर खर्च डोळ्यांत खुपू लागतो. उपाय तोच, पुढचं काहीतरी शिकायला घ्यायचं. इन्स्ट्रक्टरला बरोबर घेऊन नव्या धावपट्टीवर जाणं, दुसऱ्या जातीच्या विमानाचं प्रशिक्षण, किंवा दोघा-तिघा परवानाधारकांनी ठरवून एकाच दिवशी पाळीपाळीनं उडवणं आणि खर्च वाटून घेणं. नुसता परवाना जिवंत ठेवण्यासाठी उडणारा माणूस फार दिवस उडत नाही.

तर ताई, तुमच्यापुढे 'विकू की उडू' असे दोन रस्ते नाहीत. ही विंग दोन्ही वेळा विकायचीच आहे. पुढे उडणार असाल तरी हिच्यावर नको. पाण्याच्या पिशव्या बांधून वजन वाढवतात, तसं करू का, असं कुणी सुचवेल. दोन-तीन किलोंची तूट असेल तर ते चालतं. दहा किलो पाणी घेऊन धावत टेक-ऑफ करणं आणि गुडघ्यांवर लँडिंग घेणं तुमच्या टप्प्यावर योग्य नाही.

पुन्हा सुरू करायचं ठरवलंत, तर आधी वजन नीट करून घ्या. हार्नेस घालून, हेल्मेट-बुटांसकट, रिझर्व्ह आत ठेवून, पाठीवर विंगची पिशवी घेऊन काट्यावर उभ्या राहा. दुकानात वजनकाटा असेल तर तिथंच. येणारा आकडा नव्या विंगच्या मर्यादेच्या मधोमध किंवा थोडा वर बसायला हवा. ७० किलोंसाठी ५५–७५ किंवा ६५–८५ अशा मर्यादेचं माप लागतं. उत्पादकागणिक आकडे थोडे हलतात. ६५–८५ मध्ये तुम्ही खालच्या बाजूला पडाल, म्हणून आधी पहिलं माप शोधा. श्रेणी 'ए' किंवा खालची 'बी'. 'सी' आणि 'डी' कितीही स्वस्त मिळाली तरी तिकडे बघू नका. सेकंडहँड घेताना तपासणीचा कागद मागा: कापडातून हवा किती झिरपते, दोऱ्यांची ताकद आणि दोऱ्यांची लांबी. शेवटची गोष्ट लोक विसरतात. पुढच्या दोऱ्यांवर भार जास्त म्हणून त्या किंचित ताणल्या जातात. मागच्या दोऱ्या डायनीमाच्या (एक कृत्रिम धागा) असतील तर कमी भारामुळे आखडतात. काही सेंटीमीटरचाच फरक, पण विंग मागे झुकून बसते, टेक-ऑफला डोक्यावर यायला कुरकुरते, आणि वाईट वेळी हवेत सरळ खाली बसू लागते. बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी किंवा ठरलेल्या तासांनंतर, जे आधी येईल तेव्हा, तपासणी करायला सांगतात. तुमच्या विंगची ती मुदत घेतल्या दिवशीच संपलेली असण्याची शक्यता आहे.

मग एक महिना फक्त जमिनीवर. सांगलीत डोंगर नाही याचं तुम्हाला वाईट वाटत असेल, पण ग्राउंड हँडलिंगला, म्हणजे जमिनीवर विंग हाताळायच्या सरावाला, डोंगर लागत नाही. मोकळं मैदान किंवा गायरान, ताशी ८ ते १५ किलोमीटरचा वारा, वारा येतो त्या बाजूला शंभरेक मीटरपर्यंत झाड, तार, इमारत नाही, एवढं पुरे. विजेच्या तारा सगळ्या बाजूंनी बघून घ्या. उसाचं रिकामं झालेलं रान मोह घालतं, तिथं जाऊ नका. खोडक्यांची टोकं कापड फाडतात आणि दोऱ्या अडकवतात. बाभळीखालीही नको. ऑक्टोबर ते डिसेंबर कुसळी गवत टाळा, कुसळ कापडात शिरलं की काढता काढता संध्याकाळ जाते. आठवड्यातून दोनदा पाऊण-एक तास. विंगकडे तोंड करून उचलायची, डोक्यावर मिनिटभर धरायची, एका बाजूला पडू लागली की ब्रेकपेक्षा आधी पाय तिच्याखाली न्यायचे, मग वळून पाठ करायची आणि न बघता धरून ठेवायची. मागचे रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्या) ओढून ती झटक्यात खाली पाडायचा सरावही तेवढाच करा, टेक-ऑफवर ओढत नेणाऱ्या वाऱ्यावर तोच इलाज आहे. हे करताना हेल्मेट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट घालाच. मोडलेल्या मनगटांची पुष्कळ प्रकरणं जमिनीवरचीच असतात.

रिझर्व्ह दर सहा महिने ते वर्षानं उघडून, हवा लावून पुन्हा घडी करायचं असतं. घडी करायला देण्याआधी एक प्रयोग करा. हार्नेस मजबूत आडव्याला टांगून त्यात बसा, कुणालातरी हलवायला सांगा, आणि हँडल न बघता शोधून, ओढून, लांब फेका. हँडल हाताला लागायला वेळ लागतो किंवा पिशवी बाहेर यायला अडते, हे घरी कळलेलं बरं. जुन्या, दुसऱ्याच्या हार्नेसमध्ये बसवलेलं रिझर्व्ह अडणं नवलाचं नाही.

त्यानंतर पुन्हा शाळेत जा, नवीन कोर्स म्हणून नव्हे. इन्स्ट्रक्टरला सरळ सांगा की दीड वर्षाचा खंड आहे, कोलॅप्स झालेला आहे, दोन दिवस लहान उतारावर हवेत आणि मग सकाळची दोन-तीन मोठी उड्डाणं वॉकी-टॉकीवर. ते जमलं तर त्याच हिवाळ्यात सोअरिंगचं प्रशिक्षण. ते पुढे ढकललंत तर दोन वर्षांनी हेच पत्र पुन्हा लिहाल. बॅचमधला जो एक जण अजून उडतो, त्याला फोन करा. त्याच्याबरोबर जायला मिळालं तर पेट्रोल वाचेल हा लहान फायदा. मोठा फायदा हा की 'आज नको' म्हणणारं दुसरं तोंड मिळेल. कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा इथून येणारे असे एकटे-दुकटे जोडीदार तुम्हाला लँडिंगवरच भेटतील.

उडायच्या मर्यादा कागदावर लिहून हेल्मेटमध्ये ठेवा. टेक-ऑफवर उभं राहिलं की माणूस स्वतःशी घासाघीस करतो, कागद करत नाही. तुमच्यासाठी पहिल्या हंगामापुरत्या अशा: टेक-ऑफवर वारा ताशी १८ किलोमीटरच्या आत, झोत आणि मंद वारा यांतला फरक ८ च्या आत, दिशा उताराच्या तोंडापासून ३० अंशांच्या आत, सकाळी साडेदहाच्या आत लँडिंग किंवा साडेचारनंतर टेक-ऑफ, फेब्रुवारीनंतर इन्स्ट्रक्टरशिवाय नाही. सातारकर जिथं जायचा मोह धरतात त्या ठोसेघर-चाळकेवाडीच्या पठाराकडे तर नाहीच. पवनचक्क्या तिथं उभारल्यात त्या वारा जोराचा आहे म्हणूनच, आणि फिरत्या पात्यांच्या मागची हवा पार घुसळलेली असते.

घरच्यांविषयी थोडंच. 'विकलेलीच बरी' म्हणणाऱ्यांना धाडसाची भाषा पटत नाही. वरचा कागद दाखवून बघा, तो पटण्याची शक्यता जास्त. दुसरं, विमा. आरोग्यविम्यात साहसी खेळ व्यवसाय म्हणून खेळणाऱ्यांना वगळणारं कलम असतं, हौशी माणसाला ते सहसा लागत नाही. अपघातविम्याची कलमं मात्र कंपनीगणिक वेगळी आहेत आणि आयुर्विम्याच्या अर्जात धोकादायक छंद विचारलेले असतात. एजंटाला तोंडी विचारू नका, लेखी उत्तर घ्या.

आणि सोडायचं ठरवलंत, तर सरळ सोडा. गेलेले पैसे उडून परत येत नाहीत. त्यासाठी आणखी पाच उड्डाणं करणं हा सगळ्यात महाग हिशेब ठरेल. पाहुण्यांना 'शिकले होते, आता नाही उडत' एवढं एक वाक्य पुरतं, दोनदा ऐकलं की ते विचारायचे थांबतात.

विकण्याआधी बॅग माळ्यावरून काढून या आठवड्यातच उघडा. पावसाळ्यात दमट पिशवीत बुरशी धरते आणि उंदरांना ते कापड आवडतं. घडीत सापडलेला नाकतोडा बाहेर पडण्यासाठी कापड कुरतडतो, मेला तर त्याच्या रसानं डाग पडून कापड तिथंच कमजोर होतं. सावलीत, वाऱ्यावर पसरून वाळवा. धुऊ नका, डाग दिसला तर फक्त साध्या पाण्याचा ओला बोळा फिरवा. उन्हात ठेवू नका आणि गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. मग अधिकृत तपासणीला पाठवा. त्या कागदावर किंमत मिळते, आणि निकाल वाईट आला तर विंग विकायचीच नाही, हेही तेव्हाच ठरतं. नापास विंगच्या दोऱ्या कापून टाका, म्हणजे कुणी ती गुपचूप टेकडीवर नेणार नाही. घ्यायला येणाऱ्याचं प्रशिक्षण किती झालंय आणि त्याचं सगळं धरून वजन किती, हे दोन्ही विचारा आणि स्टिकर दाखवा. रिझर्व्हच्या शिवणीजवळ बनवल्याची तारीख असते. दहा वर्षं उलटली असतील तर ते विकू नका. हार्नेस आणि हेल्मेट तुमच्या मापाचे असतील तर दिवाळीपर्यंत थांबा. तोवर मैदानातला एक महिना, कुणाची तरी लहान मापाची विंग मागून घेऊन, करून झालेला असेल. त्यानंतर ते ठेवायचं की नाही हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.